रिबाउंडचा रकाना

मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. मी कॉलेजच्या ग्रंथालयातली बाइंडर. एकवीस वर्षं तळघरातल्या त्याच खोलीत बसते. एक लांब टेबल, लोखंडी प्रेस, खळीचं पातेलं, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं, आणि छताला लागून एक आडवी खिडकी. ती बाहेरून फुटपाथच्या पातळीला येते, त्यामुळे दिवसभर मला माणसांचे फक्त पाय दिसतात. कोण घाईत आहे, कोण उगाच घुटमळतंय, कोण कुणाची वाट बघतंय, हे मी पायांवरून सांगू शकते. प्राचार्य जिना उतरायच्या आत माझ्या हातातला चहाचा कप खाली गेलेला असतो.

त्या वर्षी मुलींच्या संघाचे कोच खाली आले ते चार जाडजूड वह्या काखोटीला मारून.

"ताई, यांचे कणे मोडलेत. जरा शिवून द्याल?"

तीन वह्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या. चौथी नवी कोरी, पण कुणीतरी तिच्यावर बसल्यासारखी मधोमध उकललेली. मी म्हटलं, ठेवा, होईल महिन्याभरात. ते निघाले, दारापर्यंत गेले, आणि शेल्फवर वाळत ठेवलेल्या पुस्तकांच्या कण्यांवरची नावं वाचत उभे राहिले. ती नावं मीच लिहिते.

"अक्षर तुमचं आहे?"

"हो."

"मॅचला येऊन बसाल का?"

त्यांच्या संघाची नोंदवही ठेवणारे संख्याशास्त्राचे प्राध्यापक पाठीच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले होते. अधिकृत स्कोअर टेबलावरची माणसं वेगळी असतात. ही वही सरांची स्वतःची, संघासाठीची. बाकावर कडेला बसायचं आणि कोणी किती वेळा काय केलं ते रकान्यात लिहायचं.

"अहो सर, मला खेळातलं काही कळत नाही."

"म्हणून तर विचारतोय. ज्याला कळतं तो बघत बसतो आणि लिहायचं विसरतो."

मला हसू आलं आणि मी हो म्हणून बसले. सरांनी मग तिथेच प्रेसवर कागद ठेवून मला रकाने समजावले. रिबाउंडचा रकाना मला सगळ्यात आवडला. नेम चुकला, बॉल रिंगवर आपटून परत आला, की तो ज्याच्या हाती लागेल त्याचा रिबाउंड. एखादीने तो नुसता हाताने टोलवून मुद्दाम आपल्या मैत्रिणीला दिला, तर रिबाउंड टोलवणारीच्या नावावर. म्हणजे सगळा खेळ नेम लागण्याचा, आणि हा एकच रकाना नेम चुकल्यावर सुरू होणारा.

"हे काम उंच पोरींचं," सर म्हणाले. "त्या रिंगखालच्या रंगीत चौकोनात उभ्या राहतात. गार्ड म्हणजे बुटक्या, चपळ. त्यांनी बॉल पुढे न्यायचा. शॉट सुटला की गार्ड मागे. हा माझा नियम आहे."

पहिल्या मॅचला मी ती चौथी वही घाईने शिवून, दोन पेन्सिली आणि एक खोडरबर घेऊन गेले. मॅच संपल्यावर सरांनी वही हातात घेतली, रकान्यांवरून बोट फिरवलं, आणि बोट एका जागी थांबलं.

"शिडी नऊ, बरोबर. पण हे आठ तुम्ही चुकून खारूच्या ओळीत लिहिलेत."

शिडी म्हणजे संघातली सगळ्यात उंच मुलगी. दारातून आत येताना सवयीने मान झुकवायची. आणि खारू संघातली सगळ्यात बुटकी, दुसऱ्या वर्षाची गार्ड. खारीसारखी येते, उचलते आणि पळते, म्हणून मुलींनीच ते नाव ठेवलेलं. माझ्या खांद्याला जेमतेम लागायची.

"चुकून नाही सर. आठच आहेत."

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग बूट काढत बसलेल्या खारूकडे बघितलं. त्यांना आनंद झाला नाही एवढं मला दिसलं, आणि तेच मला कळेना. आठ चांगले की वाईट?

घरी नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्टचा मेकॅनिक आहे. कुठल्याही गोष्टीवर त्याचं पहिलं मत लिफ्टशी जोडूनच येतं.

"बुटकी मुलगी वरचा बॉल काढते? मग तिला बिल्डिंगमध्ये लिफ्ट लागत नसेल."

"मस्करी नको. सहा फुटांच्या पोरी हात वर करून उभ्या असताना ही कशी काढते?"

"तू काय बघत होतीस तेव्हा?"

सगळे बघत होते तेच मी बघत होते, म्हणजे बॉलकडे. आणि बॉल हवेत असेपर्यंत खारू कुठे होती ते मला आठवत नव्हतं.

दुसऱ्या मॅचला मी बॉलचा नाद सोडला आणि माझ्या सवयीचं काम धरलं. पाय बघायचे. शॉट सुटला की नऊ जणींचे पाय जमिनीला खिळायचे आणि माना वर जायच्या. खारूचे पाय मात्र शॉट सुटतानाच चालू लागलेले असायचे. धावायची नाही. गर्दीच्या कडेकडेने, कुणाला धक्का न लावता, जिथे कुणीच नाही अशा जागी जाऊन उभी राहायची. तिथे काय ठेवलंय, असं वाटेपर्यंत बॉल रिंगवरून उडून तिथेच यायचा. प्रत्येक वेळी नाही, पण योगायोग म्हणून सोडून द्यावं इतक्या कमी वेळाही नाही.

त्या दिवशी सात. शेवटच्या पानावर मी मैदानाचा एक चौकोन काढला आणि बॉल जिथे जिथे मिळाला तिथे फुल्या मारत गेले. कुणी सांगितलं नव्हतं. मला राहवलं नाही, एवढंच.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. शिडीने बॉल पकडला की ती तो छातीशी धरून आधी इकडेतिकडे बघायची, मग एखाद्या गार्डकडे फेकायची, मग गार्ड पळायची. मनातल्या मनात मी पाच मोजेपर्यंत बॉल मधल्या रेषेपलीकडे जायचा. खारूने पकडला तर तीन. कारण कुणाला द्यायचा प्रश्नच नाही, ती स्वतःच गार्ड. समोरच्या पोरी अजून वर बघत असायच्या आणि ही निघालेली.

तिसऱ्या मॅचला मात्र माशी शिंकली. आमचा शॉट चुकला, खारू बॉलमागे गेली, आणि बॉल तिच्या बोटांना लागून निसटला. समोरच्या पोरीने तो उचलला आणि सरळ धावत सुटली. मागे राखण करायला कुणीच नव्हतं, आरामात बास्केट झाली. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. सर बाकावरून उठले.

"बाहेर!"

खारू येऊन माझ्या शेजारी बसली. तोंडावर टॉवेल घेतला. उरलेली अर्धी मॅच तिला आत घेतलं नाही. मी लिहीत राहिले. खारू बाहेर बसल्यापासून समोरच्या संघाने आपलाच चुकलेला बॉल अकरा वेळा परत मिळवला होता. त्याआधीच्या अर्ध्या मॅचमध्ये चार वेळा. आम्ही नऊ गुणांनी हरलो.

मी वही दाखवताना सरांना म्हटलं, "सर, एक विचारू? हे चारचे अकरा कसे झाले?"

"ताई," सर म्हणाले, आवाज चढवला नाही, पण शब्द मोजून टाकले, "तुम्ही लिहिता छान. लिहीतच राहा."

मला राग आला पाहिजे होता. पण मला वाटलं, इतकं साधं विचारलं तर माणूस एवढा का दुखावतो?

परीक्षेमुळे पुढे तीन आठवडे मॅच नव्हती. त्याच दिवसांत एका दुपारी माझ्या खिडकीतून ओळखीचे बूट गेले, परत आले, पुन्हा गेले. चौथ्या फेरीला मी हाक मारली, "ये की आत, बूट झिजतील."

खारू खाली आली. हातात कव्हर निघालेलं पाठ्यपुस्तक होतं.

"मावशी, हे चिकटवून मिळेल?"

"मिळेल. बस." मी खळ घेतली. पुस्तक निमित्ताला आहे हे दोघींनाही कळत होतं. "मला एक सांग. बॉल कुठे पडणार ते तुला कसं कळतं?"

"मला नाही माहीत."

"असं कसं?"

"खरंच नाही माहीत. सर पण विचारायचे आधी, मग वैतागले." ती प्रेसचा दांडा उगाच फिरवत म्हणाली. "आमचं घर उतारावर आहे. भिंतीला रिंग लावलीय. थोरली आणि मधली खेळायच्या, मी तिसरी. बॉल हुकला आणि जमिनीवर पडला की रस्त्याने गडगडत पार खालच्या चौकापर्यंत जायचा. आणि आणायला कोण? शेंडेफळ."

"मग?"

"मग काय, दहा वेळा खाली जाऊन वर आलं की पाय बोलायला लागतात. म्हणून मी तो जमिनीवर पडूच द्यायची नाही. थोरली जोरात मारते, तिचा लांब उडायचा. मधली कोपऱ्यातून मारायची, तिचा पलीकडच्या बाजूला जायचा. त्यांचं मनगट बघून मी आधीच जाऊन उभी राहायची."

"अगं, मग तुला माहीत आहे की!"

ती माझ्याकडे बघत राहिली. "हे माहीत असणं असतं का?"

मी मॅचच्या वहीचं शेवटचं पान उघडून तिला फुल्या दाखवल्या. कोपऱ्यातून मारलेल्या चुकलेल्या शॉटच्या फुल्या बहुतेक पलीकडच्या अंगाला. लांबून मारलेल्यांच्या रंगीत चौकोनाबाहेर, दूर. तिने बोटाने एकेक फुली मोजली, आणि एका फुलीवर थांबून म्हणाली, "ही चुकलीय. इथे मी नव्हते, अर्धं पाऊल मागे होते." मी खोडून अर्धं पाऊल मागे केली.

"सर मला संघातून काढतील?" जाताना तिने विचारलं.

"ते मला काय माहीत?" मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

पुस्तक प्रेसमध्ये घातलं आणि मग सरांच्या जुन्या वह्या हातात घेतल्या. त्या एवढे दिवस तशाच पडल्या होत्या. शिवण उसवायची म्हणजे पान न् पान सुटं होतं, आणि सुटं पान दिसलं की मी वाचते. पंचवीस वर्षांपूर्वीचा मुलांचा संघ. दुसऱ्याच कुणाचं अक्षर, निळी शाई. चार नंबरच्या खेळाडूपुढे सरांचं नाव. पुढे लिहिलेलं, गार्ड. रिबाउंडच्या रकान्यात नऊ. पुढच्या मॅचला अकरा. मग आठ, दहा, पुन्हा अकरा. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

सहाव्या मॅचच्या पानावर चार नंबरच्या ओळीत सहा लिहून रेघ मारली होती आणि पुढे लाल शाईत, 'बाहेर. दुखापत.' त्यानंतरची सगळी पानं मी उलटली. चार नंबरची ओळ रिकामी होती. वही संपेपर्यंत रिकामी.

तीन-चार दिवसांनी शिवलेल्या वह्या घेऊन मी सरांच्या खोलीवर गेले. जिमला लागून असलेली ती खोली म्हणजे अर्धं गोदाम. जाळीच्या पिशवीत बॉल, भिंतीशी चटया, टेबलावर हवा भरायचा पंप. त्यांनी वह्या घेतल्या, कणे दाबून बघितले, छान झाल्या म्हणाले.

"सर, चार नंबरला काय झालं होतं?"

त्यांनी पंपाचा दांडा दोनदा वरखाली केला.

"ताई, तुम्ही सगळं वाचता का?"

"सुटं पान असलं की वाचते. खोड आहे."

"कोपर लागलं," ते म्हणाले. "एका उंच पोराचं. त्याची चूक नव्हती, तो बॉल घेऊन वळला आणि मी आत घुसलो होतो. गालाचं हाड गेलं, आणि डाव्या डोळ्याला कडेचं दिसत नाही तेव्हापासून. सगळं धुकं." त्यांनी मान पूर्ण डावीकडे वळवून दाराकडे बघितलं. मला ती त्यांची ऐट वाटायची, इतकी वर्षं. "समोरच्या पोरींच्या कोपरांची उंची आणि खारूच्या डोळ्यांची उंची एक आहे. तुम्हाला रकाना दिसतो. मला कोपरं दिसतात."

माणसाने नियम का केला हे कळलं की तो नियम एकदम वेगळाच दिसायला लागतो. पण डोक्यात किडा वळवळत होताच.

"सर, ती आत जाते का पण?"

"म्हणजे?"

मी बरोबर आणलेल्या मॅचच्या वहीचं शेवटचं पान उघडून समोर ठेवलं. "मी दोनच मॅचच्या फुल्या मारल्यात. अकरा आहेत. गर्दीत, रंगीत चौकोनात, एकच. बाकीच्या दहा बाहेरच्या."

सर कागदावर वाकले. उजवा डोळा कागदाजवळ नेऊन त्यांनी एकेक फुली बघितली. मला वाटलं विरघळले. पण नाही.

"अकरा म्हणजे काहीच नाही. अकरावरून मी कुणाचा डोळा पणाला लावणार नाही."

"मग किती हव्यात?"

ते सरळ बसले. मला वाटतं, त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी हा आकडा विचारला होता.

"सरावाला येऊन बसा," ते म्हणाले. "पंधरा दिवस. तिला काही सांगू नका."

मी रोज दुपारी डबा खाऊन जिममध्ये जाऊन बसले. ग्रंथपालबाईंना सांगितलं, सरांचं काम आहे, आणि ते खोटं नव्हतं. सर मुद्दाम कधी कोपऱ्यातून, कधी लांबून शॉट मारायला लावायचे. खारूला नियमाची आठवण करून देणं त्यांनी थांबवलं होतं. ती बिचकत बिचकत, मग हळूहळू मोकळेपणाने बॉलमागे जाऊ लागली. मी फुल्या मारत राहिले. सर माझ्यामागे येऊन उभे राहायचे आणि बॉल उडाला की पुटपुटायचे, "डावीकडे." बॉल उजवीकडे जायचा. खारू उजवीकडे असायची. पाचव्या-सहाव्या दिवसापासून सरांचंही निम्मं बरोबर यायला लागलं, आणि बरोबर आलं की ते माझ्याकडे अशा तोंडाने बघायचे की जणू परीक्षेत कॉपी न करता पास झाले.

पंधराव्या दिवशी त्रेसष्ट फुल्या झाल्या. आत फक्त पाच.

"आणि त्या पाच वेळा?" सरांनी विचारलं.

"चार वेळा आत कुणी नव्हतंच. एकदा होतं."

"एकदा म्हणजे एकदाच लागतं, ताई." पण त्यांनी खारूला बोलावलं. खडूने चौकोनाच्या बाहेर हातभर अंतरावर एक वाकडी रेघ मारली. "या रेघेच्या बाहेर तुला पाहिजे तिथे जा. रेघेच्या आत पाऊल पडलं की तू बाकावर. आणि तू बॉलमागे गेलीस की दुसरी गार्ड मागे थांबेल, प्रत्येक वेळी, हे तुम्ही दोघींनी आपसांत ठरवायचं. मॅचच्या दिवशी खडू नसेल. रेघ डोक्यात ठेव."

खारू इतकंच म्हणाली, "हो सर." पण त्या दिवशी ती जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढली.

पुढच्या पाच मॅचपैकी चार आम्ही जिंकलो. सगळं श्रेय खारूचं, असं मी म्हणणार नाही. शिडी खेळलीच तशी, आणि इतर मुलींचे नेमही बसत होते. पण एक गंमत मला कळत गेली. समोरचे संघ शिडीला अडवायला अंगाला अंग भिडवून उभे राहायचे. गार्डला अडवावं हे कुणाच्या डोक्यातच यायचं नाही. बुटकी पोर बॉल काढेल असं कुणाला वाटत नाही, म्हणूनच ती काढते. मी हे नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे सगळे लिफ्टच्या दारात गर्दी करतात आणि ही जिन्याने जाते." या वेळी मात्र त्याचं लिफ्टशी जोडणं मला पटलं.

उपांत्य सामना आडदांड पोरींच्या संघाशी पडला. त्यांनी शिडीच्या दोन्ही अंगांना एकेक पोर चिकटवून ठेवली. आणि आमची ख्याती पसरली होती बहुतेक, कारण त्यांनी खारूमागेही एक लावली. पहिल्या अर्ध्या खेळात खारूचे रिबाउंड दोन आणि शिडीचे तीन. मी रकाना बघत बसले होते. माझाच पेपर कोरा गेल्यासारखं वाटत होतं.

मधल्या विश्रांतीत शिडी धापा टाकत म्हणाली, "दोघी माझ्या खांद्यावर बसल्यात. पकडू कशी? नुसती बोटं लागतात."

"बोटं लागतात ना?" खारू तिच्यासमोर उकिडवी बसली. "मग पकडू नकोस. नुसता मागे टोलव."

"मागे कुठे?"

"कुठेही. मी बघते."

शिडीने सरांकडे बघितलं. सरांनी खारूकडे बघितलं, मान पूर्ण वळवून.

"रेघ लक्षात आहे?"

"आहे."

"मग बघा करून."

पहिल्या दोन वेळा बॉल भलतीकडेच गेला. तिसऱ्यांदा शिडीने बोटांच्या टोकांनी मागे उडवला आणि खारूने तो टप्पा पडायच्या आत घेतला. चौथ्यांदा पुन्हा. त्या आडदांड पोरी गोंधळल्या. शिडीला धरून ठेवावं तर बॉल बाहेर जातो, खारूमागे जावं तर शिडी मोकळी होते. आम्ही आठ गुणांनी मागे होतो, तो फरक सहा झाला, मग तीन, मग एक.

वीस सेकंद उरली होती. आमच्या मुलीने लांबून मारलेला शॉट रिंगच्या मागच्या कडेवर आपटला. चौकोनात सहा हात वर गेले. शिडीचा सातवा. मी खारूचे पाय बघत होते. ते काल्पनिक रेघेवर, टाचा उचललेल्या, थांबले होते. बॉल गर्दीवरून बाहेर आला, खारूने घेतला, आणि स्वतः न मारता कोपऱ्यात एकटीच उभ्या असलेल्या आमच्या मुलीकडे दिला. तिने मारला. आत!

एका गुणाने जिंकलो. सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या, शिडी खाली सापडली. मी एकटीच पेन्सिल धरून बसले होते.

"सर, हा शेवटचा रिबाउंड कुणाचा?"

सरांचे डोळे भरलेले होते, पण त्यांनी लगेच उत्तर दिलं, "शिडीने टोलवला. नियमाने शिडीचा."

"आणि खारूचा?"

"तिचा काही नाही."

अख्ख्या दुसऱ्या अर्ध्या खेळात खारूच्या रकान्यात एकही आकडा वाढला नव्हता. वहीत बघणाऱ्याला वाटलं असतं, त्या दिवशी तिचा खेळ पडला. मी पुन्हा पुन्हा नियम आठवून बघितला, कुठे पळवाट सापडते का म्हणून. खारू पाणी प्यायला आली, माझ्या खांद्यावरून तिने वही वाचली.

"मावशी, तोंड का पाडलंय?"

"तुझे दोनच."

"बॉल आपल्याला मिळाला ना? मग लिहा शिडीच्या नावावर. तिने खांदे किती खाल्ले बघितलंत?" आणि शिडीला उठवायला गेली.

अंतिम सामना दुसऱ्या शहरात, नव्या कोऱ्या हॉलमध्ये झाला. आम्ही बारा गुणांनी हरलो. त्यात काही अन्याय नव्हता, समोरचा संघ चांगलाच होता. पण खारूचं सगळं बिनसलं होतं. ती जिथे जाऊन उभी राहायची तिथे बॉल यायचाच नाही. दोन पावलं अलीकडेच पडायचा. शेवटी शेवटी ती शॉट सुटल्यावर जागच्या जागी उभी राहायला लागली, तिच्या पायांना असं मी कधी बघितलं नव्हतं.

बक्षिसं झाली, दुपारचे चार वाजले. मुली बसमध्ये चढल्या, कुणी रडत, कुणी बिस्किटांचा पुडा फोडत. खारू चढेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"इथे बॉल जवळ का पडत होता?"

"हरलो म्हणून वाईट वाटतंय तुला?"

"वाटतंय. पण बॉल जवळ का पडत होता?"

खरं सांगायचं तर तिने विचारल्यापासून मलाही चैन पडेना. आम्ही दोघी सरांकडे बघत राहिलो. सर बसच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं, ड्रायव्हरकडे बघितलं, आणि पाय खाली घेतला.

"दहा मिनिटं थांबा," ते ड्रायव्हरला म्हणाले.

हॉलचा रखवालदार दिवे मालवत होता. त्याला सरांनी काय सांगितलं कोण जाणे, त्याने अर्धे दिवे ठेवले आणि एक बॉल काढून दिला. सरांनी कोट खुर्चीवर टाकला. त्यांना शॉट मारताना मी कधी बघितलं नव्हतं, खारूनेही नाही. पहिला रिंगलासुद्धा लागला नाही. खारूने हसू दाबलं. दुसरा रिंगवर आपटला आणि रिंग किंचित लवली, दाराची कडी हलावी तशी, आणि बॉल मऊपणे खाली घरंगळला.

"रिंग वाकते!" खारू ओरडली. "सर, ती वाकते, म्हणून जोर मरतो!"

"स्प्रिंग आहे," सर म्हणाले. "नव्या रिंगना असते. मला आधी सांगायला हवं होतं." आणि स्वतःशीच, "मला लक्षात यायला हवं होतं."

"पुन्हा मारा. कोपऱ्यातून."

ते कोपऱ्यात गेले. मी वही उघडून नवं पान काढलं, चौकोन आखला. बॉल उडाला, खारूने दोन पावलं टाकली, थांबली, अर्धं पाऊल मागे घेतलं. बाहेर बसचा हॉर्न वाजला. कुणीच तिकडे लक्ष दिलं नाही.